सायकलची सीट कोणी खाली करायची? : बहिणी, शोक आणि प्रेमकथेतले धाडस

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. तुमच्या कादंबरीत तिघी बहिणी आहेत. मधली दोन वर्षांपूर्वी अचानक गेली आणि धाकटी ही तुमची नायिका आहे. मधलीच्या वहीत ‘करून पाहायच्या बारा गोष्टी’ अशी यादी सापडते, त्या यादीचा हात धरून धाकटी घराबाहेर पडते, धाडसे करते आणि दुरुस्तीचे दुकान चालवणाऱ्या एका माणसाच्या प्रेमात पडते. 95,000 शब्दांचा मसुदा तयार आहे. तो वाचलेल्या चौघांची तक्रार मात्र एकच : पहिला अर्धा भाग शोककथेचा, दुसरा प्रेमकथेचा, मधली शिवण स्पष्ट दिसते आणि नायक माणसापेक्षा औषधासारखा वाटतो. शोकाची पाने कमी करावीत की नायकाला आधी आणावे, असे तुम्ही विचारले आहे.

दोन्ही करू नका. बावीस वर्षे मी कादंबऱ्यांच्या हस्तलिखितांवर संपादनाचे काम करते आहे आणि यातला पहिला सल्ला मी स्वतः एकदा एका लेखिकेला दिला होता. प्रेमकथा लवकर सुरू व्हावी म्हणून तिची शोकाची साठेक पाने मी कापायला लावली. कादंबरी सुटसुटीत झाली आणि निर्जीवही झाली, कारण नायिका ‘नको’ का म्हणते आहे हेच त्या पानांबरोबर निघून गेले होते. उरलेले पुस्तकभर ती उगाच आढेवेढे घेणारी बाई वाटत राहिली. दोष लेखिकेचा नव्हता, माझा होता.

तुमच्या मसुद्यात शोकाची पाने जास्त झालेली नाहीत. शोक हा तिथे एक कालखंड म्हणून आला आहे, तो सुरू होतो आणि चौदाव्या प्रकरणात संपतो, ही खरी अडचण आहे. प्रेमकथेत शोकाला कालखंड म्हणून फारसे काम नसते. त्याचे काम असते ते नायिकेला एक चुकीचा नियम शिकवण्याचे. बहीण गेली त्या दिवशी धाकटीने मनाशी काहीतरी ठरवले असणार. तिने ते शब्दांत मांडले नसेल, पण त्यानंतरचा तिचा प्रत्येक निर्णय त्यातून निघतो. ‘मी ज्याच्यावर विसंबते, ते माझ्याकडून काढून घेतले जाते’ हा एक नियम झाला. ‘तिच्या वाट्याला जे आले नाही, ते मी घेणे म्हणजे तिच्याशी बेइमानी’ हा दुसरा, आणि माझ्या मते तुमच्या धाकटीचा नियम हाच आहे, कारण दुसऱ्या प्रकरणात नोकरीतली बढती नाकारताना ती जे कारण देते ते कोणालाच पटत नाही, तिला स्वतःलाही नाही. हा नियम एका वाक्यात लिहून टेबलासमोर चिकटवा आणि पुस्तकात मात्र कोणाच्याही तोंडी घालू नका. प्रेमकथा म्हणजे या नियमाची कसोटी. तसे झाले की शोक आणि प्रेम हे दोन भाग राहत नाहीत. नायकाबरोबरचा प्रत्येक प्रसंग हा बहिणीबद्दलचाही प्रसंग होतो आणि शिवण आपोआप नाहीशी होते.

प्रकरणांचा क्रम पाहता तुम्ही नकार, राग, सौदा, नैराश्य आणि स्वीकार या शोकाच्या म्हणून प्रसिद्ध असलेल्या पाच पायऱ्या समोर ठेवून पहिला भाग रचला आहे, असे दिसते. ही चूक इतक्या हस्तलिखितांत भेटते की तिच्यासाठी थोडे थांबायलाच हवे. मनोविकारतज्ज्ञ एलिझाबेथ कुब्लर-रॉस यांनी 1969 मध्ये या अवस्था मांडल्या त्या मृत्यूच्या दारात उभ्या असलेल्या रुग्णांशी झालेल्या संभाषणांवरून, म्हणजे स्वतःच्या मरणाला सामोऱ्या जाणाऱ्या माणसांविषयी. मागे राहिलेल्यांना त्या नंतर लागू केल्या गेल्या आणि मग जिन्याच्या पायऱ्यांसारख्या एकामागून एक चढायच्या असतात असा समज रूढ झाला. कादंबरीकाराला त्याहून उपयोगी पडते ते शोकाचे अभ्यासक मार्गारेट स्ट्रोब आणि हेंक शुट यांनी 1999 मध्ये मांडलेले चित्र. शोकातला माणूस दोन टोकांमध्ये हेलकावे खात असतो, असे ते सांगतात : एकीकडे गेलेल्या माणसाची ओढ आणि आठवण, दुसरीकडे बदललेल्या आयुष्याची कामे, नव्या भूमिका, नवी नाती. दोन्हींकडे जाणे आणि दोन्हींपासून अधूनमधून सुट्टी घेणे हाच जगण्याचा मार्ग असतो. सकाळी बँकेतले कागद निपटणारी बाई दुपारी एका जुन्या स्वेटरपाशी कोसळते आणि संध्याकाळी एखाद्या विनोदावर मनापासून हसते, यात विसंगती काहीच नाही.

हे हेलकावे तुमच्या प्रसंगरचनेत उतरवा. तिसऱ्या प्रकरणात धाकटी हसू शकते. विसाव्या प्रकरणात, प्रेम ऐन बहरात असताना, ती पुन्हा कोसळू शकते आणि कोसळलीच पाहिजे. सध्या तुमच्या दुसऱ्या अर्ध्या भागात मधलीचे नाव सलग सत्तर पाने येत नाही. मी मोजून पाहिले. या सत्तर पानांत वाचकाला असे वाटत राहते की नायिकेने बहिणीला दुःखासकट कुठेतरी ठेवून दिले आहे आणि मग तिच्या आनंदावरचा त्याचा विश्वासच उडतो.

याच संदर्भात एक सावधगिरी. बहीण जाऊन दोन वर्षे झाली असताना धाकटी जवळजवळ रोज कामावर जाऊ शकत नाही आणि जगण्यात अर्थच उरला नाही असे म्हणते, हे तुम्ही रंगवले आहे. दीर्घकाळ रेंगाळलेला आणि रोजचे जगणे ठप्प करणारा शोक आता वैद्यकीय वर्गीकरणांतही स्वतंत्रपणे नोंदला जातो. जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरणाच्या अकराव्या आवृत्तीत त्यासाठी किमान सहा महिन्यांची मर्यादा आहे, अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या निदान-पुस्तिकेच्या 2022 च्या सुधारित आवृत्तीत प्रौढांसाठी बारा महिन्यांची. नायिका त्या अवस्थेत असेल तर तिला उपचार मिळताना दाखवा. ती तिथे नसेल तर तिला कामावर जाऊ द्या. नायक औषधासारखा वाटतो त्याचे अर्धे कारण हेच आहे की तुम्ही नायिकेला रुग्ण करून ठेवले आहे.

आता बहिणींकडे येते, कारण तुमच्या मसुद्यातली सगळ्यांत श्रीमंत आणि सगळ्यांत कमी वापरलेली ठेव तीच आहे. एकाच मृत्यूने दोघी बहिणींना एकच नियम शिकवला, असे सहसा होत नाही. धाकटी म्हणते, तिच्याशिवाय मी काही घेणार नाही. थोरली म्हणते, आता हातातून काही सुटू द्यायचे नाही. म्हणून थोरली खोली आवरते, कपडे वाटून टाकते, कागद लावते, आणि धाकटीला ती दगडासारखी वाटते. दोघींचे म्हणणे एकाच जखमेतून येते आणि दोघींना ते दिसत नाही. दोन बहिणींच्या दुःख बाळगण्याच्या परस्परविरुद्ध तऱ्हांवर अख्खी कादंबरी कशी उभी राहते हे पाहायचे असेल तर जेन ऑस्टिनची 1811 मधली ‘सेन्स अँड सेन्सिबिलिटी’ पुन्हा वाचा. तिथे वडिलांचा मृत्यू पहिल्याच प्रकरणात उरकतो, पण त्याचे परिणाम शेवटपर्यंत पुरतात : घर जाते, उत्पन्न आटते आणि दुसऱ्या प्रकरणात सावत्र भावाने द्यायचे ठरवलेले 3,000 पौंड नवरा-बायकोच्या एका संभाषणात घसरत घसरत शून्यावर येतात. शोकाचे वर्णन तिथे थोडकेच आहे. शोकाने केलेली मोडतोड मात्र पानोपानी आहे. तुमच्या कादंबरीत मधलीच्या जाण्याने नेमके काय मोडले? भाडे कोण भरत होते, आईचा फोन कोण उचलत होते, दोघींमधली भांडणे कोण मिटवत होते? शेवटच्या प्रश्नाचे उत्तर ‘मधली’ असे असेल, तर थोरली आणि धाकटी यांच्यात आता दुभाषीच उरलेली नाही, आणि हे तुम्हाला फुकट मिळालेले कथानक आहे.

भावंडांच्या दुःखाची आणखी एक खोच आहे. समाज आईवडिलांचे सांत्वन करतो, जोडीदाराचे करतो. बहिणीला मात्र ‘आता आईला सांभाळ’ असे सांगतो. ज्या दुःखाला आजूबाजूचे लोक पुरती मान्यता देत नाहीत, त्याची संकल्पना केनेथ डोका यांनी 1989 मध्ये मांडली आणि भावंडांचे दुःख बहुधा त्याच सावलीत राहते. धाकटीला एकदाही कोणी ‘तू कशी आहेस’ असे विचारलेले नसेल, तर नायकाने ते विचारणे हाच मोठा प्रसंग होऊ शकतो. त्याला गुडघे टेकायला लावण्याची गरज उरत नाही.

मराठीत लिहिताना आपल्या हाताशी काही बारीक हत्यारे आहेत, ती तुम्ही म्यानातच ठेवली आहेत. थोरली ‘ती म्हणायची’ असे बोलते आणि धाकटी ‘ती म्हणते’ असे. या एका काळाच्या फरकावर दोघींचे कडाक्याचे भांडण होऊ शकते. ‘तुम्ही किती बहिणी?’ या अनोळखी माणसाच्या साध्या प्रश्नावर धाकटी ‘आम्ही तिघी’ म्हणते, थोरली त्याच वेळी ‘दोघी’ म्हणते आणि विचारणारा गोंधळून दोघींकडे पाहत राहतो. पानभर अश्रूंनी जे साधत नाही ते या दोन शब्दांनी साधते. ‘तुम्ही’चे ‘तू’ कधी होते, हाही मराठी प्रेमकथेतला धाडसाचाच क्षण असतो. तुमची माणसे दुसऱ्याच भेटीत सहजपणे ‘तू’वर येतात. एवढी मोठी पुंजी इतक्या लवकर उधळू नका.

धाडसाविषयी मला सगळ्यांत जास्त बोलायचे आहे, कारण तुमच्या यादीतल्या बारापैकी अकरा गोष्टी धाडसाच्या नाहीतच. उंचावरून उडी मारणे, रात्री समुद्रात पोहणे, अनोळखी गावाची गाडी पकडणे, यांत जिवाला धोका आहे, नियमाला नाही. उलट, बहिणीशिवाय काही घ्यायचे नाही असे ठरवलेल्या मुलीला जीव धोक्यात घालणे सोपेच जाते. नायक आणि नायिका दोरीच्या पुलावर एकमेकांना बिलगतात तो प्रसंग तुमचा आवडता दिसतो. डोनाल्ड डटन आणि आर्थर अ‍ॅरन यांनी 1974 मध्ये कॅनडातल्या कॅपिलानो झुलत्या पुलावर केलेला प्रयोग प्रसिद्ध आहे. तो उंच, हेलकावणारा पूल ओलांडताना भेटलेल्या तरुण मुलाखतकर्तीला नंतर फोन करणाऱ्या पुरुषांचे प्रमाण, दुसऱ्या, कमी उंचीच्या भक्कम पुलावरच्या पुरुषांपेक्षा बरेच जास्त निघाले. भीतीने झालेली धडधड आकर्षण म्हणून वाचली जाते, असा त्याचा अर्थ लावला गेला. म्हणजे तुमचा पूल आकर्षण पेटवायला ठीक आहे, पण त्यावरून प्रेमाचा निर्वाळा देता येत नाही. तो प्रसंग ठेवायचाच असेल तर जमिनीवर पाय टेकल्यावर दोघांनाही त्याची थोडी लाज वाटू द्या.

खरे धाडस ओळखण्याची माझी कसोटी साधी आहे : ते केल्याने नायिकेचे असे काही जाऊ शकते का, जे तिला परत मिळवता येणार नाही? डॅनियल कानेमन आणि एमॉस ट्वर्स्की यांनी 1979 मध्ये दाखवून दिले की माणसाला तेवढ्याच लाभाच्या आनंदापेक्षा तोट्याची बोच अधिक लागते. ते पैशांच्या निवडींविषयी बोलत होते. पण एकदा बहीण गमावलेल्या मुलीच्या तराजूत ही तफावत किती वाढत असेल, याची कल्पना करायला संशोधन लागत नाही. तिच्या दृष्टीने प्रेमाचा ‘हो’ म्हणजे पुढच्या एखाद्या अंत्यविधीची आगाऊ संमती असते. हे तिला कळलेले असूनही ती ‘हो’ म्हणते, ते धाडस.

आता एक गोष्ट जवळून दाखवते. तुमच्या तिसऱ्या प्रकरणात जिन्याखाली मधलीची सायकल आहे. मधली उंच होती, सीट तिच्या उंचीची आहे, धाकटीचे पाय जेमतेम पुरतात, तरी ती तीच सायकल वापरते. एवढे लिहून तुम्ही त्या सायकलीला विसरलात. माझ्या मते तुमची अख्खी कादंबरी त्या सायकलीवर आहे. धाकटी पंक्चर काढायला ती नायकाच्या दुकानात देते आणि संध्याकाळी घ्यायला येते, असे समजा.

‘तिने सवयीने पाय उंच टाकला आणि बसल्याबसल्या तिच्या दोन्ही टाचा जमिनीला लागल्या. ती तशीच थांबली.
“सीट खाली केलीत?”
“चार बोटं फक्त. तुमचे पाय पुरत नव्हते. थांबताना तुम्ही एका बाजूला कलंडता, मी पाहिलंय.”
“तुला कोणी सांगितलं होतं?”
हातातलं फडकं त्याने खाली ठेवलं. पैसे गल्ल्यावर ठेवून ती सायकल हातात धरूनच निघाली. घर येईपर्यंत ती सायकलवर बसली नाही.’

यात नायकाने चूक केली, आणि ती चांगुलपणाने केली. औषध चुकत नाही, माणूस चुकतो. ‘तू’ इथे रागातून आला आणि आता दोघांपैकी कोणालाही मागे फिरता येणार नाही. बहिणीचे नावही न घेता बहीण पूर्ण प्रसंगभर हजर आहे. वाचकाला नियम दिसला, पण कोणी सांगितला नाही.

शिवाय या प्रसंगाचे देणे पुढे वसूल होते. आता ती मूळची उंची कायमची गेली, असे धाकटीला वाटते. तिने कधी मोजली नव्हती. पण ती उंची कशी शोधायची हे थोरलीला माहीत असते, कारण ती सीट मधलीसाठी वर करून दिली होती तिनेच : इतकी वर्षे एकाच जागी आवळलेल्या दांड्यावर पट्टीच्या कडेने रेघ उमटलेली असते, दांडा खाली गेला की ती रेघ नळीत लपते आणि वर ओढला की पुन्हा दिसते. दोन वर्षे एकमेकींशी धड न बोललेल्या दोन बहिणी जिन्याखाली बसून पाना फिरवत आहेत, रेघ वर येते, दोघी ती पाहतात. मग धाकटी दांडा पुन्हा खाली ढकलते आणि या वेळी स्वतः आवळते. इथे एकही भावनिक वाक्य लिहू नका. तुम्हाला मोह होईल.

नायकाविषयी थोडक्यात. त्याला दुरुस्तीचे दुकान देऊन तुम्ही स्वतःसाठीच सापळा लावला आहे, कारण तो सगळेच दुरुस्त करत सुटतो. त्यालाही एक नियम द्या, आणि तो धाकटीच्या नियमाशी भिडणारा असू द्या. जो माणूस मोडलेली वस्तू तशीच पाहू शकत नाही, त्याच्यापुढे न जुळणारे दुःख घेऊन आलेली बाई उभी आहे. तिच्याजवळ काहीही न करता नुसते बसणे हे त्याचे धाडस.

तुमच्या कथेत दोघांची ताटातूट एका चुकीच्या हाती पडलेल्या चिठ्ठीमुळे होते. ती चिठ्ठी काढा. दोन मिनिटांच्या बोलण्याने मिटेल असा गैरसमज वाचकाला रडवत नाही, चिडवतो. ताटातूट नियमातूनच यायला हवी. उदाहरणार्थ, मधलीने कधी पाहिलेले नाही अशा घरात दोघांनी एकत्र राहायला जायचे ठरते आणि धाकटी आदल्या रात्री नाही म्हणते, कारण त्या घरात बहिणीची एकही आठवण असणार नाही. या नकारात खलनायक कोणीच नसतो, म्हणून तो लागतो.

शेवट सुखाचाच ठेवा. प्रेमकथेच्या वाचकाशी तो करार आहे आणि शोकाच्या गांभीर्याच्या नावाखाली तो मोडणे हे मला लबाडीचे वाटते. मात्र मधली स्वप्नात येऊन ‘आता पुढे जा’ असे सांगते ते प्रकरण जाऊ द्या. मेलेल्या माणसाकडून परवानगी मिळाली की जिवंत माणसाला धाडस करावे लागत नाही. गेलेल्यांशी नाते तोडणे म्हणजे बरे होणे, ही समजूतही आता जुनी झाली आहे. डेनिस क्लास, फिलिस सिल्व्हरमन आणि स्टीव्हन निकमन यांनी 1996 मध्ये संपादित केलेल्या ग्रंथाने हे नाते रूप बदलून चालू राहते, हाच विचार ठामपणे पुढे आणला. तेव्हा शेवटच्या पानावर धाकटीने ‘आम्ही तिघी’ असेच म्हणायला माझी काही हरकत नाही. फरक पडला तर एवढाच पडावा की या वेळी थोरलीने तिला दुरुस्त करू नये.

कामाला सुरुवात पहिल्या पानापासून करू नका. तुमच्या यादीतली नववी नोंद काढा : ‘थोरलीशी एकदा नीट बोलणे.’ बारा गोष्टींत धाडसाची अशी ही एकच आहे आणि तुम्ही ती एकशे बासष्टाव्या पानावर, दोन उड्यांच्या मध्ये, सहा ओळींत उरकली आहे. त्या सहा ओळींचे प्रकरण लिहा, मग त्याच्या आधी काय असायला हवे आणि नंतर काय, ते ठरवा. बाकीच्या अकरा नोंदींतल्या किती उरतात ते त्यानंतर मला कळवा. माझा अंदाज तीनचा आहे, आणि पूल त्यात नसेल.